फिक्स्ड ब्रायडल की डीपॉवर? लँडबोर्डसाठी काइट निवडताना

लँडबोर्ड म्हणजे चाकांची फळी, आणि तिच्यावर उभ्या माणसाला ओढते ती दोऱ्यांवर उडणारी मोठी काइट. अशी काइट बघायला जाण्याआधी हातात धरायचा एक साधा वारामापक मिळवा. जिथे बोर्ड चालवणार त्या मैदानाच्या मधोमध जा, हात डोक्याच्या वर धरा आणि पाच मिनिटं तसेच उभे राहा. त्या पाच मिनिटांतला सगळ्यात कमी आकडा आणि सगळ्यात जास्त आकडा वहीत लिहा. सरासरी लिहू नका, तिचा इथे उपयोग नाही. असं वेगवेगळ्या आठ-दहा दिवशी केलंत की कुठली काइट घ्यायची याचं निम्मं उत्तर त्या वहीतच मिळेल.

गेली अकरा वर्षं मी बोर्ड चालवतोय, कधी गवतावर, कधी ओल्या घट्ट वाळूवर. फिक्स्ड ब्रायडल (वाऱ्याशी कोन कायमचा ठरलेली) आणि डीपॉवर (उडता उडता ओढ कमी-जास्त करता येणारी), अशा दोन्ही प्रकारच्या मिळून सात काइट हाताखालून गेल्या. नव्या माणसाला लोक हमखास सांगतात की डीपॉवर सुरक्षित असते, तीच घे. दुसरे तितक्याच ठामपणे सांगतात की आधी फिक्स्ड ब्रायडलवर हात बसव. दोघेही आपापल्या मैदानावरून बोलत असतात. तुमचं मैदान कसं आहे हे त्यांना माहीत नसतं, म्हणून वही.

आकड्यांचं गणित असं आहे. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. वारा ताशी 14 किलोमीटरवरून 21 वर गेला तर वेग दीडपट झाला, पण ओढ सव्वादोनपट झाली. 14 वरून 28 झाला तर ओढ चौपट. चाकांच्या फळीवर उभ्या असलेल्या माणसाला सव्वादोनपट ओढ रेटून धरता येते, मागे झुकून पेलता येते. अचानक आलेली चौपट ओढ पेलता येत नाही, तुम्ही कितीही दणकट असा. म्हणून माझा स्वतःपुरता नियम आहे: मोठा आकडा लहान आकड्याच्या दीडपटीच्या आत असेल तर फिक्स्ड ब्रायडल खुशाल वापरावी. दीडपट ते दुप्पट असेल तर डीपॉवर. दुप्पटीच्या वर गेला तर त्या दिवशी दोन्ही पिशवीतच राहू द्याव्यात.

आता दोन्हींत फरक नेमका कुठे आहे ते बघू, कारण तो कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

साध्या पतंगाला आपण कन्नी बांधतो. ती वर-खाली सरकवली की पतंग वाऱ्याला किती तिरका उभा राहणार ते ठरतं. ब्रायडल म्हणजे हीच कन्नी, फक्त एका गाठीऐवजी डझनावारी बारीक दोऱ्यांची. फिक्स्ड ब्रायडलमध्ये हा तिरकेपणा कारखान्यातच ठरून येतो. हातात दोन हँडल असतात. प्रत्येक हँडलच्या वरच्या टोकाला पॉवरची दोरी, खालच्या टोकाला ब्रेकची. खालचं टोक ओढलं की काइटची मागची कड खाली वाकते, काइट मंदावते, पूर्ण ओढलं तर मागे सरकत जमिनीवर उतरते. वळवता येतं, थांबवता येतं, पण आकाशात असताना ‘जरा कमी ओढ’ असं तिला सांगता येत नाही. ओढ कमी करायची तर काइट विंड विंडोच्या, म्हणजे तुमच्यासमोर ती जिथे जिथे उडू शकते त्या पट्ट्याच्या, कडेला न्यायची, किंवा बोर्डचं तोंड वाऱ्याकडे फिरवायचं.

डीपॉवरमध्ये हा तिरकेपणा उडता उडता बदलता येतो. मधल्या दोऱ्या बारच्या, म्हणजे हातातल्या आडव्या दांड्याच्या, भोकातून थेट हार्नेसला, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्याला येतात, मागच्या दोन दोऱ्या बारच्या दोन टोकांना. बार अंगाकडे ओढला की मागची कड खाली येते आणि ओढ वाढते. बार पुढे सोडला की काइट वाऱ्याला कमी अंग देते आणि ओढ उतरते. पतंगाला ढील दिल्यावर हाताला जे जाणवतं तसंच काहीसं, फक्त इथे दोरी लांब होत नाही, काइटचा कोन बदलतो. जमिनीवर वापरायच्या फॉइल (नुसत्या कापडी कप्प्यांच्या) प्रकारच्या डीपॉवरमध्ये ब्रायडलला छोट्या पुल्या असतात, त्यामुळे सगळ्या काइटचा आकारच थोडा बदलतो.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. बार पूर्ण सोडला म्हणजे ओढ शून्य झाली असं होत नाही. ती कमी होते, बरीच कमी होते, पण काइट अजून तुमच्या कमरेला बांधलेली आहे आणि उडते आहे. शून्य करायची असेल तर क्विक रिलीज, म्हणजे काइट झटक्यात सोडवणारा खटका, ओढावा लागतो. नावातला ‘डी’ बघून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांची फार काळजी वाटते.

माझा स्वतःचा हात मोडला तो मात्र फिक्स्ड ब्रायडलवर. तिसरं वर्ष होतं. पाच मीटरची काइट, हातांना रग लागू नये म्हणून दोन्ही हँडलना जोडणारी स्ट्रॉप हार्नेसच्या हुकात अडकवलेली. वारा 16-17 दाखवत होता. मैदानाच्या वाऱ्याकडच्या बाजूला उंच झाडांची रांग होती आणि मी तिच्यापासून पुरेसा लांब आहे असं मला वाटत होतं. दिशा बदलण्यासाठी काइट डोक्यावर आणली आणि तिथेच झोत आला. बोर्डसकट पाय सुटले. हँडल सोडून दिली की काइट किलर, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेले मनगटावरचे पट्टे, ब्रेक ओढतात आणि काइट मरते, हे मला पाठ होतं, म्हणून मी हँडल सोडली. काहीच झालं नाही. कारण पॉवरच्या दोऱ्या स्ट्रॉपवरून माझ्या कमरेला लटकत होत्या. हातांनी सोडल्या तरी त्या सुटलेल्याच नव्हत्या. दोन-अडीच मीटर वर जाऊन खाली आलो, डावं मनगट टेकलं आणि मोडलं.

त्या दिवसापासून तीन गोष्टी पाळतो. स्ट्रॉप वापरायची तर हार्नेसच्या हुकालाच क्विक रिलीज हवा, साधा हुक नको. फिक्स्ड ब्रायडल डोक्यावर रेंगाळू द्यायची नाही, थांबायचं तर ती कडेला, जमिनीलगत धरायची. आणि झाडं-इमारतींच्या आडोशाला त्यांच्या उंचीच्या निदान दहापट अंतर सोडायचं, कारण तिथवर वारा घुसळलेला असतो. दहा मीटरचं झाड असेल तर शंभर मीटर. पावलांनी मोजून बघा, आपल्याला वाटतं त्यापेक्षा ते अंतर बरंच जास्त भरतं.

हेच डीपॉवरवर झालं असतं तर? बार सोडला असता तर बहुधा पाय जमिनीवरच राहिले असते. बार घट्ट धरून अंगाकडे ओढला असता तर मी आणखी वर गेलो असतो. घाबरलेलं माणूस जवळची वस्तू धरतं आणि ओढतं, हा शरीराचाच स्वभाव आहे. तो मोडायला सराव लागतो. म्हणून कुठलीही काइट घ्या, बोर्डवर पाय ठेवण्याआधी सोडण्याचा सराव निदान वीस वेळा करा. फिक्स्डवर दोन्ही हँडल सोडायची आणि किलरनी काइट पडताना बघायची. डीपॉवरवर आधी बार सोडायचा, मग क्विक रिलीज ओढायचा, काइट एका दोरीवर फडफडत खाली येताना बघायची आणि मग रिलीज परत जोडायचा. शेवटचे पाच वेळा डोळे मिटून. क्विक रिलीजचं ते लाल बोंडुक हाताला न शोधता सापडलं पाहिजे.

मग सुरुवात कशावर?

माझी भाची गेल्या वर्षी शिकायला आली. वजन 52 किलो. ती डीपॉवर घ्यायचं ठरवूनच आली होती. “मामा, त्यात ओढ कमी करता येते, मग दुसरी कशाला घ्यायची?” प्रश्न रास्त होता. मी तिला तीन आठवडे अडीच मीटरच्या फिक्स्ड ब्रायडलवर ठेवलं, बोर्डशिवाय, नुसतं उभं राहून, आणि ते का ते सांगतो.

फिक्स्ड ब्रायडलवर ओढ सांभाळायचं एकच साधन असतं: काइट विंडोत कुठे आहे ते. मध्यभागी आली की खेचते, कडेला गेली की शांत होते. हे अंगात मुरेपर्यंत दुसरा मार्गच नसतो, आणि हेच ज्ञान पुढे डीपॉवरवर जसंच्या तसं कामाला येतं. थेट डीपॉवरवर शिकलेली माणसं प्रत्येक अडचण बारने सोडवू पाहतात. काइट विंडोच्या मध्यात खोल गेली, बार सोडला. बोर्ड वेगात गेला, बार सोडला. मग एखाद्या दिवशी बार पूर्ण सुटलेला असतो आणि हाती काही उरत नाही.

दुसरं कारण म्हणजे लहान फिक्स्ड ब्रायडल पाडायला कचरत नाही माणूस. ती जमिनीवर आपटते, ब्रेक ओढून उलटी उचलायची, फिरवायची, पुन्हा वर. पंधरा मिनिटांत दहा वेळा. कमरेला काही बांधलेलं नसतं. डीपॉवर पडली, बारभोवती पीळ पडला, ब्रायडलमध्ये गवताचं कुसळ अडकलं की तासातला अर्धा वेळ जमिनीवर बसून सोडवण्यात जातो. नवशिक्याचा उत्साह तिथेच संपतो.

भाचीच्या चौथ्या रविवारी मी बाजूला उभा राहून बघत होतो. काइट डाव्या कडेला आणून ती थांबली, उजवं हँडल किंचित ओढून काइट आडव्या आठच्या आकड्यात फिरवली, ओढ लागली तशी पावलं टाचांवर गेली आणि ती गवतावरून सपाट तळव्यांनी तीन-चार मीटर घसरत गेली. घसरताना तिची नजर काइटवर नव्हती, समोर होती. त्या दिवशी तिला बोर्ड दिला. काइटकडे न बघता काइट कुठे आहे ते कळणं, ही माझी कसोटी आहे. तोवर बोर्ड नको.

पण ती रोज जिथे जाणार ते मैदान झोतांचं होतं. वहीत आठापैकी सहा दिवस आकडे दीडपटीच्या वर होते. त्यामुळे स्वतःची काइट घेताना तिने सहा मीटरची डीपॉवरच घेतली, आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा होता. शिकायची काइट आणि चालवायची काइट एकच असावी असा नियम नाही. लहान फिक्स्ड ब्रायडल कुणाकडून महिनाभर उसनी मिळाली तर उत्तमच.

आकार

इथे बहुतेकांची चूक होते: दोन्ही प्रकारांचे चौरस मीटर सारखे धरले जातात. डीपॉवर त्याच ओढीसाठी मोठी लागते. माझं वजन 78 किलो. आखूड गवतावर, 15 ते 22 किलोमीटरच्या वाऱ्यात मी फिक्स्ड ब्रायडल चार मीटरची लावतो, डीपॉवर आठ मीटरची. वारा 25 च्या वर गेला की फिक्स्ड तीनवर येते, डीपॉवर मात्र तीच राहते, फक्त ट्रिमर (मधल्या दोऱ्या आखूड करायचा पट्टा) ओढून घेतो. डीपॉवरचा खरा फायदा मला हाच वाटतो. फिक्स्ड ब्रायडलच्या तीन-चार काइट जेवढा वारा सांभाळतात, तेवढा डीपॉवरच्या दोन सांभाळतात. दर तासाला काइट उतरवून दुसरी लावायचा कंटाळा असेल तर हे मोलाचं आहे.

हलक्या वाऱ्यात मात्र पारडं फिरतं. डीपॉवर जड असते, पुल्या आणि दोऱ्यांचा भार जास्त, आणि 12 च्या खाली ती आकाशात लटकल्यासारखी होते, वळताना मागे घसरते. माझी सहा मीटरची जुनी फिक्स्ड ब्रायडल 9-10 च्या वाऱ्यातही घट्ट वाळूवर मला ओढत नेते. शांत, एकसारखा, हलका वारा आणि सपाट वाळू असेल तर मी आजही हँडलच उचलतो. दोन्ही हातांच्या बोटांत काइटचा प्रत्येक श्वास जाणवतो, ते बारवर मला कधीच तितकं मिळालं नाही.

जमीन बदलली की आकारही बदलतो. घट्ट वाळूवर चाकं मोकळी फिरतात, एक आकार लहान पुरतो. घोट्याएवढं गवत असेल तर बोर्ड हलायलाच ओढ लागते, आणि हलल्यावर तीच ओढ जास्त होते. तिथे मोठी काइट लावायचा मोह टाळा, आखूड गवत शोधा.

पाण्यावर वापरतात त्या, नळ्यांत हवा भरायच्या काइट जमिनीवर चालतात का, असं खूपजण विचारतात. ही जात फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी 1984 मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेतून आली, आणि तिचा गाभा पाण्यात पडूनही तरंगणं आणि पुन्हा उठणं हा आहे. जमिनीवर तो गुण वाया जातो, आणि नाकावर आपटली तर नळी फुटू शकते, काट्यावर घासली तर भोक पडतं. फॉइल काइट कापडाच्या कप्प्यांत वारा भरून आकार घेते, 1964 मध्ये डोमिना जाल्बर्ट यांनी केलेल्या पॅराफॉइलची ही वंशज. पडली तर नुसती कापडाची घडी होते. लँडबोर्डसाठी तोंड उघडे कप्पे असलेली फॉइल घ्या, मग ती फिक्स्ड असो वा डीपॉवर.

घेतल्यावर पहिल्या दिवशी

फिक्स्ड ब्रायडलवर ब्रेकच्या दोऱ्या नीट लावणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. काइट डोक्यावर स्थिर धरा, हँडल सैल, अंगठे वर. ब्रेकच्या दोऱ्यांना हलकासा झोळ दिसला पाहिजे. त्या ताणलेल्या असतील तर काइट मागे मागे येईल, वळताना थबकेल, आणि तुम्ही वाऱ्याला दोष द्याल. हँडलच्या खालच्या टोकाला गाठी मारलेली छोटी दोरी असते. ब्रेकची दोरी हँडलपासून एक गाठ लांब न्या, पुन्हा उडवा. झोळ फार झाला आणि ब्रेक ओढूनही काइट थांबेना, तर एक गाठ जवळ.

डीपॉवरवर याच जातीचा पण अधिक फसवा घोटाळा होतो. माझी आठ मीटरची दुसऱ्या हंगामात बिघडली असं मी महिनाभर धरून चाललो होतो. बार ओढला की पुढे सरसावण्याऐवजी ती थरथरत मागे पडायची. कापड तपासलं, पुल्या तपासल्या. शेवटी एक खुंटी ठोकली, चारही दोऱ्यांची टोकं तिला अडकवली, ट्रिमर पूर्ण मोकळा केला, बार पूर्ण आत ओढून सगळ्या दोऱ्या ताणल्या. बहुतेक बारवर या स्थितीत चारही सारख्या भरायला हव्यात. माझ्या मधल्या दोन दोऱ्या मागच्यांपेक्षा चार बोटं लांब निघाल्या. सगळा भार त्या मधल्या दोऱ्या उचलतात, म्हणून त्याच जास्त ताणल्या जातात. त्या लांबल्या म्हणजे मागच्या आखूड झाल्यासारख्या, म्हणजे कायम ब्रेक लागल्यासारखं. मागच्या दोऱ्यांना जोड देऊन लांबी जुळवली आणि काइट पहिल्या दिवसासारखी उडाली. आता हे मी दर दोन महिन्यांनी करतो. पाऊण तास लागतो.

वापरलेली काइट घेत असाल तर कापडाला तोंड लावून श्वास आत ओढून बघा. हवा सहज आली तर कापड झिरपतं, अशी काइट हलक्या वाऱ्यात उठत नाही. पुढच्या कडेजवळचा भाग आधी झिजतो, तिथेच तपासा. डीपॉवरच्या पुल्या बोटाने एकेक फिरवा. वाळूने घासलेली पुली अडखळते आणि तिच्यातून जाणारी दोरी केसाळ झालेली असते. काइट किलर किंवा क्विक रिलीज मात्र जुना घेऊ नका. तो नवा घ्या, आणि घरी आणल्यावर पूर्ण वजन टाकून दहा वेळा सोडून बघा.

उड्या मारायच्या असतील तर फक्त डीपॉवर, आणि तेही दोन-तीन वर्षांनी. खुंटी, हेल्मेट, मनगट आणि गुडघ्याची पॅड दोन्हीकडे लागतात. खुंटीचा उपयोग असा: फिक्स्ड ब्रायडल उलटी उतरवली की ब्रेक ताणलेले ठेवून हँडल खुंटीला अडकवायची, म्हणजे ती जमिनीला चिकटून राहते. डीपॉवर एकट्याने उतरवणं शिकायला वेळ लागतो. पहिले काही महिने कडेला नेलेली काइट धरायला कुणीतरी सोबत ठेवा, आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की पकडायचं ते कापड, दोऱ्या नाहीत. ताणलेली दोरी बोट कापते.